जद्दींचा घोडा

माझा डावा डोळा चकणा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणाची कुजबुज नको. फार नाही, किंचित. फोटोत दिसतो आणि मी चिडले की दिसतो. म्हणजे तसा बहुतेक वेळ दिसतोच.

ओमानमधल्या सोहारला एका धातूच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. तयार माल माझ्या टेबलावर येतो, मी तो मोजते, उलटापालटा करते आणि मनास आला नाही की बाजूला काढते. कोल्हापूरला फाउंड्रीत हेच करायचे. घरीही हेच करते. नारळ कानाशी हलवल्याशिवाय घेत नाही, कलिंगडाला टिचक्या मारते, वांगं उचलून देठाखाली बघते. मी वांगी बघायला लागले की नवरा दुसऱ्या रांगेत जाऊन साबणाच्या वड्या वाचत उभा राहतो. ओळखच दाखवत नाही मेला.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक ओमानी मुलगी होती. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, पण जीभ माझ्याइतकीच लांब. दिवसभर मॅडम, मॅडम ऐकून माझे कान किटले होते, म्हणून मी तिला 'ताई' म्हणायला शिकवलं. आमची भाषा म्हणजे इंग्रजी, हिंदी, थोडं अरबी आणि उरलेले हातवारे. इथे मी सगळं मराठीतच सांगते, नाहीतर खिचडी व्हायची. मी एखादा माल नापास केला की ती अगदी गंभीर चेहरा करून विचारायची, "ताई, कोणत्या डोळ्याने बघितलंस?" दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी त्याच्या डोक्यात मोजायचा व्हर्नियर घातला असता. तिने विचारलं की मात्र मला हसू फुटायचं. लॅबमध्ये मी कशी हसते हे फक्त तिलाच माहीत होतं.

तिचं लग्न ठरलं आणि ती हसायची बंद झाली. मला वाटलं, मुलगा पसंत नसेल. विचारलं तर म्हणाली, "मुलगा छान आहे. जद्दींचं काय करू?"

जद्दी म्हणजे तिचे आजोबा. आई-बाप लहानपणीच गेले, तिला आणि तिच्या मोठ्या भावाला या आजोबांनी वाढवलं. मी त्यांना ओळखत होते. सोहारपासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची खजुराची बाग आहे. उंच, काटकुळे, आणि मान उजव्या बाजूला किंचित कललेली. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे खजुरांचं ताट ठेवलं, मग ते परत ओढलं, त्यातला एकेक खजूर उचलून बघितला, दोनतीन काढून टाकले आणि मग ताट पुन्हा पुढे सरकवलं. मी मनात म्हटलं, अरे वा, हा तर आपल्याच जातीचा माणूस.

त्यांच्या गावात लग्न असलं की पुरुष मोकळ्या मैदानात समोरासमोर दोन ओळी करून उभे राहतात. ढोल वाजतो, गाणं होतं, आणि हातातली तलवार किंवा बंदूक हवेत उंच फेकून झेलतात. जद्दी या ओळीत उभे राहायचे ते त्यांच्या जुन्या रायफलीसह. ती खालच्या बाजूने लिव्हर ओढून उघडायची, त्यांच्या बापापासून चालत आलेली. मग एका वर्षी वादीला पूर आला. वादी म्हणजे एरवी कोरडी पडलेली नदी. पण आली की अशी येते की घर बघत नाही, दार बघत नाही. जद्दींचं कपाट वाहून गेलं, आणि कपाटाबरोबर रायफलही गेली.

तेव्हापासून ते ओळीत उभे राहिलेच नाहीत. मागे खुर्ची टाकून बसतात. कुणी विचारलं तर म्हणतात, गुडघे दुखतात.

"गुडघे?" ती मला म्हणाली. "काल माडावर चढले होते! खजुराच्या! त्यांचे गुडघे नाही दुखत, ताई. त्यांचे हात रिकामे आहेत."

"मग कुणाची तरी मागून घे की एका दिवसापुरती."

"मागितली होती भावाने. जद्दी म्हणाले, नातीच्या लग्नात मी उसनी रायफल घेऊन उभा राहू? त्यापेक्षा खुर्ची बरी." तिचे डोळे भरले. "माझ्या लग्नात ते खुर्चीवर बसले ना ताई, तर मी लग्नच करणार नाही."

करणार होतीच, पण बोलणं खरं होतं. तेव्हा ठरलं की तिने आणि भावाने मिळून आजोबांना नवी रायफल घेऊन द्यायची. त्यांच्या नावावर परवाना होताच. खालून लिव्हर ओढायची सवय त्यांच्या हाताला आहे, म्हणून नवी घ्यायची तीही लिव्हरवालीच. आणि ती पारखायला कोण? अर्थात ताई. शाळेत असताना मी एनसीसीत होते आणि छोट्या रायफलीने नेमबाजी केली होती, हे मी तिला कधीतरी फुशारकीने सांगून बसले होते. खरं तर मला तो खेळ फार आवडायचा. नेम धरताना डावा डोळा मिटायचाच असतो, त्यामुळे तिथे माझं काही अडत नव्हतं.

घरी सांगितलं तर नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला. नवरा डोंबिवलीचा. बंदूक बघितलेली ती दिवाळीतली, टिकल्यांची.

"तू रायफल घ्यायला जाणार?"

"घ्यायला नाही, बघायला. घेणार ते."

"अगं, परका मुलुख आहे! फोनवर हा शब्दसुद्धा काढायचा नाही. कुणी ऐकलं तर?"

"मग काय म्हणू? भेंडी?"

त्याने बराच विचार केला. "घोडा म्हण," म्हणाला. "मुंबईत भाई लोक घोडाच म्हणतात. आणि बंदुकीला घोडा असतोच की, चाप मारला की पडतो तो. अगदीच खोटं नाही."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात रायफलीचा घोडा झाला. तिसरीतली लेक समोर बसून चपातीचे तुकडे करत होती, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुकान मस्कतला. तिच्या भावाच्या पिकअपमधून आम्ही निघालो, मी मागे, ती पुढे. भाऊ अबोल, त्याच्या वाटचंही बहीणच बोलते, त्यामुळे त्याला गरज पडत नाही. दुकानदार गोरागोमटा, पोट सुटलेला, आणि प्रत्येक वाक्याला "माफी मुश्किल" म्हणणारा. म्हणजे काही अडचण नाही. अरबीत 'माफी' म्हणजे 'नाही', हे मला एवढी वर्षं इथे राहून पुरतं ठाऊक आहे. पण कोल्हापूरचा कान काही ऐकत नाही. मला दर वेळी वाटतं, हा म्हणतोय, माफी मागणं मुश्किल आहे.

त्याने काचेच्या कपाटातून रायफल काढली. मी हात पुढे केला तर त्याने ती मागे घेतली. परदेशी माणसाने हात लावायचा नाही, आमच्या दुकानाचा नियम आहे.

"अहो, मी तपासायला आलेय!"

"बघा ना. बघायला माफी मुश्किल."

आता आली का पंचाईत. हात न लावता क्वालिटी कंट्रोल! मी खुर्चीवर बसले, हातांची घडी घातली, आणि तिचा भाऊ रायफल घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "फिरव," मी म्हटलं. "आता वर कर. आता पाठ दाखव. हळू." आणि एकदम मला फिस्सकन हसू आलं. मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखी बसले होते मी. मलाही असंच फिरवलं होतं. जरा चालून दाखव, जरा बस, जरा वर बघ. वर बघ म्हटलं की मला कळायचं, हे पोहे फुकट गेले. किती पोहे गेले त्याचा हिशेब आई ठेवायची, मी नाही. शेवटी हा डोंबिवलीचा आला, बघून गेला आणि होकार कळवला. लग्नानंतर विचारलं, हो का म्हणालास? तर म्हणाला, "पोहे देताना तू माझ्याकडे बघत होतीस की माझ्या मामाकडे, ते कळेना. म्हटलं लग्न करूनच बघू."

असो. रायफल. लांबून देखणी होती, पण मागचं लाकूड जिथे लोखंडाला भिडतं तिथे फट. चांगली नखभर. शिवाय लाकडाचा एक कोपरा उडालेला आणि त्यावर तपकिरी रंग फासलेला.

"ही नको," मी म्हटलं.

"मॅडम, नवी आहे!"

"नवी आहे म्हणूनच नको. जुनी असती तर मी काही म्हटलं नसतं. हे लाकूड बसवणाऱ्याला घरी जायची घाई होती."

दुकानदाराने दुसरी मागवतो म्हटलं. किती दिवस लागतील? इन्शाल्ला. म्हणजे कितीही. परत येताना तिला मी म्हटलं, "अगं, फट असली की आत पाणी जातं, लाकूड फुगतं. दोन वर्षांत हातात येईल."

"कोणत्या डोळ्याने बघितलीस फट?"

"चांगल्या."

ती हसली. लग्नाला अजून वेळ होता.

दुसरी आली तेव्हा तिला कामावरून सुट्टी मिळेना, म्हणून मी आणि भाऊच गेलो. ही रायफल पाहिली आणि मला ती आवडलीच. लाकूड कसं, तर आमच्याकडच्या जुन्या शिसवी देव्हाऱ्यासारखं. फट नाही, ओरखडा नाही. "उघड," मी म्हटलं. भावाने लिव्हर खाली ओढला. अर्ध्यात अडकला. त्याने जोर लावला तर खाडकन उघडला आणि आतून लोखंडाचे बारीक कीस काचेवर पडले. मी दुकानदाराकडे बघितलं. तो म्हणाला, वापरून वापरून मोकळा होईल. म्हटलं, होय का? सासुरवाशीण आहे का ती? मग भावाला म्हटलं, रिकामी आहे ना, खात्री कर, आणि घोडा चढव. त्याने चढवला. "आता मागून अंगठ्याने थोडा ढकल." त्याने ढकलला, आणि घोडा कटकन खाली आला. चापाला बोट लावलेलं नसताना! पुन्हा केलं, पुन्हा तेच.

माझं डोकंच फिरलं. मी नवऱ्याला फोन लावला. तो लेकीला शाळेतून आणत होता, फोन गाडीच्या स्पीकरवर होता, हे मला कुठून माहीत!

"अरे, हाही घोडा नको!" मी ओरडले. "कुरकुरतो, अडतो, ते चाललं असतं. पण चढवला की खाली येतोय! जद्दींच्या हातात असला घोडा द्यायचा? पडला म्हणजे? जीव जाईल कुणाचा तरी!"

"शू, हळू बोल," नवरा म्हणाला.

"कशाला हळू? घोडा तर म्हणतेय!"

दुकानदाराला काय कळलं कोण जाणे. म्हणाला, "माफी मुश्किल, मॅडम." त्या दिवशी मात्र मी म्हटलं, "मुश्किल असली तरी मागा!" तेही मराठीत. भावाने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि हसला.

तिसरी यायला वेळ लागत गेला. दुकानातून रोज उद्याचा वायदा. तिकडे लग्नाची तयारी सुरू झाली, कपडे शिवून आले, अत्तरं आली, आणि ती लॅबमध्ये माझ्याकडे नुसती बघायची. मला रात्र रात्र वाटायला लागलं, आपण फार ताणलं का? पहिली घेतली असती तर? लाकडाची फट काय, लाखेने भरता आली असती. वरातीमागून घोडं आलं तर काय उपयोग? आणि माझ्या खोडीपायी म्हातारा खुर्चीवर बसला, तर ही पोरगी मला जन्मात माफ करायची नाही. मी तरी कुठे केलं असतं!

लग्न परवावर आलं तेव्हा फोन आला. आम्ही तिघंही गेलो. आता घोडामैदान अगदी जवळ. भावाने रायफल धरली, मी खुर्चीवर, ती माझ्या मागे, तिचा श्वास माझ्या मानेवर. लाकूड नीट बसलेलं. लिव्हर खाली, वर, खाली, वर, लोण्यासारखा. घोडा चढवून ढकलला, पुन्हा ढकलला. हूं नाही की चूं नाही. म्हटलं, मिळाली! "आता सरळ माझ्याकडे धर. रिकामी आहे ना? पुन्हा बघ. हं."

आणि इथे माशी शिंकली. अगदी शब्दशः. नळीच्या टोकाला नेम धरण्यासाठी जो छोटा उंचवटा असतो, त्याला माशीच म्हणतात. ती माशी कललेली होती. धरणाऱ्याच्या डावीकडे, किंचित.

मी काही बोलायच्या आधी तिला कळलं. "काय?" ती म्हणाली. "काय झालं आता?"

"माशी वाकडी आहे."

"किती?"

"थोडी. पण आहे. नवी वस्तू आहे, वाकडी का घ्यायची? त्याला सांगू, चौथी..."

"ताई, परवा लग्न आहे."

"म्हणून काय चकणी रायफल घेऊन जायची?"

शब्द तोंडातून गेला आणि मला ऐकू आला. 'चकणी' हा शब्द तिला येत होता. मीच शिकवला होता, स्वतःबद्दल सांगताना, हसत हसत. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रागाने नाही. रागाने बोलली असती तर मी दोन शब्द परत दिले असते.

"चकणी असली तर काय होतं, ताई?"

आईची आठवण आली, पोह्यांची रिकामी बशी उचलताना कुणाकडे न बघणारी. मग जे काम मला येतं तेच मी केलं. स्वतःला विचारलं, ही वस्तू कशासाठी घेतोय? जद्दी हिने नेम धरणार आहेत का? नाही. ते हिला हवेत फेकणार आणि झेलणार. लाकूड सुटायला नको, लिव्हर लोंबायला नको, घोडा फसवायला नको. तिन्ही ठीक.

"पास," मी म्हटलं.

तिने दुकानातच मला मिठी मारली. दुकानदाराने "माफी मुश्किल" म्हटलं, आणि या खेपेला मला ते अगदी बरोबर अर्थाने ऐकू आलं.

पण घरी येताना धास्ती होतीच. खजूर निवडून देणारा माणूस तो. माशी त्यांच्या डोळ्यातून सुटायची नव्हती. आणि उसनी नको म्हणणारा माणूस वाकडी घेईल?

लग्नाच्या सकाळी तिचा फोन. नवरी आत बायकांत बसणार, मैदान तिला दिसणारच नाही. "तू बघ," म्हणाली. "माझ्या जागी तू बघ, आणि आत येऊन मला सांग. दुसऱ्या कुणाचं मी मानणार नाही."

मी पैठणी नेसले, नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला, आणि लेक दारात उभी राहिली ती हातात गाजरांची पिशवी घेऊन.

"हे कशाला?"

"For the horse," ती म्हणाली. मग मला मराठीच आवडतं म्हणून मराठीत, "घोडाला. तो आजारी होता ना? जद्दी त्याच्यावर चढतात आणि तो खाली येतो."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. एकेक बाहेर पडत गेलं. पोरीने वर्गात सांगितलं होतं, बिल्डिंगमध्ये सांगितलं होतं. खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या काकूंनी गाजरं दिली होती आणि वर 'मसाल्याचं काही खायला घालू नको हां त्याला' असंही बजावलं होतं. आणि नवऱ्याला हे सगळं माहीत होतं!

"मग खरं काय सांगू?" तो पुटपुटला. "पोर शाळेत जाऊन रायफल म्हणाली असती तर? घोडा बरा नाही का?"

गाडीत हसून हसून माझं काजळ पसरलं. लेक रुसून गाजरं मांडीवर घेऊन बसली.

पोचलो तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. अंगणात चटया अंथरलेल्या, काही म्हातारे कॉफी पीत बसलेले, आणि जद्दी पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात, कमरेला खंजीर, मांडीवर मिरवायची बारीक काठी, आणि शेजारी ती खुर्ची. कुणीतरी सवयीने आणून ठेवली होती. मला ती खुर्ची लाथाडावीशी वाटली.

भावाने रायफल आणली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून त्यांच्यापुढे केली. म्हणाला, नातीकडून आणि माझ्याकडून. जद्दींनी ती घेतली. लाकडावरून अंगठा फिरवला, जिथे फट असती नेमक्या तिथे. लिव्हर उघडला, मिटला. घोडा चढवला, मागून ढकलून बघितला. माझ्या क्रमाने! तपासणीचा अस्साच क्रम! मला उड्या माराव्याशा वाटत होत्या, पण आता माशीची पाळी होती.

त्यांनी रायफल उंचावून आकाशाकडे धरली. खाली घेतली. पुन्हा धरली. जुन्या बाजारातली हिंदी त्यांना येते, त्या हिंदीत त्यांनी विचारलं, "ये टेढ़ा है. किसने पास किया?"

भावाने माझ्याकडे बोट दाखवलं. जद्दींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या डोळ्याकडे. मी चिडलेली नव्हते, घाबरले होते, पण डोळ्याला काय, तो दोन्ही वेळा तसाच दिसतो.

तेवढ्यात माझी लेक पुढे गेली आणि त्यांच्यापुढे गाजर धरून म्हणाली, "घोडा किधर है?"

भावाने विचारलं, कसला घोडा? नवऱ्याला घाम फुटला. मी काय ते सांगितलं, हिंदीत, अरबीत, हातवाऱ्यांत: बंदुकीच्या त्या भागाला आमच्यात घोडा म्हणतात, फोन, भीती, शाळा, गाजरं. भाऊ एकेक वाक्य जद्दींना समजावत गेला आणि मधेच त्याला स्वतःलाच बोलवेना. म्हातारे मांड्यांवर थापा मारायला लागले. जद्दींनी गाजर घेतलं, पुसलं, नीट उलटून पालटून बघितलं आणि कराकरा खाल्लं. सगळं खाऊन झाल्यावर लेकीला म्हणाले, "घोड़ा मैं हूँ." लेकीला ते पटलं नाही, पण तिने दुसरं गाजर दिलं.

मग ते माझ्याकडे वळले. कललेल्या मानेला हात लावला. म्हणाले, माझ्या बापाच्या रायफलीची माशी उजवीकडे वाकडी होती. जन्मभर मी मान उजवीकडे करून नेम धरला, आणि मान ही अशी राहिली. ही डावीकडे वाकडी आहे. थोडी वर्षं ही धरली की मान सरळ होईल. मरताना मी सरळ असेन, इन्शाल्ला.

आणि उठले. गुडघ्याला हात न लावता उठले. जाता जाता माझ्या नवऱ्याच्या हातात आपली काठी दिली आणि त्याला दंडाला धरून बरोबर नेलं.

ढोल सुरू झाले. मी बायकांबरोबर भिंतीशी उभी, लेक माझ्या पदराला धरून. दोन ओळी लागल्या आणि जद्दी मधोमध उभे राहिले. त्यांच्या शेजारी डोंबिवली, काठी छातीशी घट्ट धरून. गाणं वर चढलं, आणि जद्दींनी रायफल फेकली. ती उंच गेली, उन्हात फिरली, माझा जीव टांगणीला, लाकूड नीट असू दे रे बाबा, आणि त्यांनी ती झेलली. बायकांनी जिभा हलवून असा काही आनंदाचा गलका केला की मीही ओरडले, मला जे येतं ते, "गंगेत घोडं न्हालं!"

"Where?" लेक म्हणाली. "घोडा कुठे?"

मी धावले. पैठणीचा ओचा धरून, अंगणातून, त्या रिकाम्या खुर्चीला धडकून, आतल्या खोलीपर्यंत. ती हिरव्या, जरीच्या कपड्यांत मधोमध बसली होती, मेंदीचे हात गुडघ्यांवर, आजूबाजूला बायकाच बायका. मला बघून उभी राहायला गेली, कुणीतरी तिला खाली बसवलं.

"उभे राहिले?"

मला धाप लागली होती. "राहिले. मधोमध. फेकली, आणि झेलली."

काजळ जाऊ नये म्हणून तिने छताकडे बघितलं, खूप वेळ. मग माझ्याकडे बघून अगदी गंभीर चेहरा केला.

"ताई, कोणत्या डोळ्याने बघितलंस?"

"दोन्ही," मी म्हटलं. "दोन्ही डोळ्यांनी बघितलं गं पोरी."